वाळत घातलेल्या अकरा चादरी

आमच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात, जिथे पूर्वी पाहुण्यांसाठीच्या कपबश्या असत, तिथे एक जुना कॉम्प्युटर आडवा ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. दिवसभर तो नुसता घुमतो. पाहुणे विचारतात, हा कसला आवाज? अम्मा सांगते, "हिचं सर्व्हर आहे," आणि तोंड असं करते की पाहुण्यांना वाटावं, मला काहीतरी दुखणं आहे आणि त्यावरचं हे यंत्र.

दुखणं म्हटलं तर आहेच. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरच सांभाळते. त्या डब्यात एक अख्खा मुलूख आहे. ठोकळ्यांचा तो खेळ आता घरोघरी पोरं खेळतात: चौकोनी झाडं, चौकोनी ढग, चौकोनी मेंढ्या आणि हवं ते बांधायला अफाट मोकळी जमीन. सर्व्हर म्हणजे ती जमीन एका जागी ठेवायची सोय. मग चार गावांची चार माणसं एकाच वेळी तिथे येऊ शकतात. आमच्याकडे येणारे तिघंच. मी, शारजाहून माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, आणि आमचे वडील.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. घरात बोलणं तेलुगू आणि मराठीची मिसळ. इथे सगळं मराठीत लिहितेय, कारण तेलुगू मला बोलता येते, लिहिता येत नाही. नानांनी आयुष्यभर चादरींची नक्षी केली. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, मग त्यातला एकेक चौकोन वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. ती कार्डं ओवून मागाच्या डोक्यावर चढवली की कोणता धागा उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे माग त्यांवरून ठरवतो. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मी मागांच्या आवाजात झोपायचे आणि आवाज थांबला की जागी व्हायचे.

नाना कामाला होते तो कारखाना बंद झाला तेव्हा माग भंगारात गेले आणि कार्डं रद्दीत. नक्षीचे कागदही त्यातच गेले. नाना त्या दिवशी घरी आले, जेवले, हात धुतले आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर कामापुरतंच बोलले. "मीठ दे." "नळ आला." एवढंच. अम्मा म्हणायची, "घरात माणूस आहे की भिंतीवर कॅलेंडर, काय कळत नाही बघ."

त्यांना खेळात ओढलं अक्काने. सुट्टीवर आली होती तेव्हा तिने त्यांच्या हातात माउस दिला आणि म्हणाली, "नाना, हे बघा, चौकोनच चौकोन. तुमचंच काम आहे की." नाना बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी एक पांढरा ठोकळा ठेवला. शेजारी एक लाल. मग दोन पांढरे. त्यांच्या चहावर साय धरली.

"हे कशाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"लोकर. मेंढीची."

नानांनी माउस खाली ठेवला. "लोकरीचं घोंगडं होतं. चादर सुताची असते."

झालं. मूळ खेळात कापूसच नाही. मॉडची गोष्ट इथून सुरू होते. मॉड म्हणजे खेळात जे नाही ते कुणीतरी अनोळखी माणसाने आपल्या घरी बसून तयार केलेलं असतं आणि फुकट ठेवलेलं असतं. ती फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायची, तीच खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्येही टाकायची. दोन्हीकडे सारखी असली तरच दार उघडतं. ऐकायला सोपं. मला तीन रविवार लागले. एका मॉडला दुसरा लागतो, दुसऱ्याचं तिसऱ्याशी पटत नाही, त्यापेक्षा लग्नातले मानपान परवडले. शेवटी एक सापडला. त्यात कापसाचं रोप होतं, बोंड होतं, सूत होतं आणि सुताला द्यायला कितीतरी रंग होते. ज्याने तो केला तो कुठल्या देशाचा, कोण, काही पत्ता नाही. त्याच्या गावीही कापूस होत असेल, असं मला उगाच वाटत आलंय.

नानांनी कापूस लावला. मग विणायला बसले, म्हणजे सुताचे रंगीत ठोकळे एकेक करून मांडायला.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिडकीला ओलं कापड, वर पंखा, मी फरशीवर आडवी, आणि अर्धवट झोपेत ऐकू येणारी नानांच्या माउसची टिक, टिक-टिक. खेळातला दिवस वीस मिनिटांचा असतो. मध्येच डोळा उघडला की पडद्यावर संध्याकाळ असायची, पुन्हा उघडला की पहाट. मला वाटायचं, आपण कितीतरी दिवस झोपलोय आणि तेवढे सगळे दिवस नाना विणतायत. त्या टिकटिकीत मला लहानपणीसारखी झोप लागायची. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा फार सुखात होते.

खेळात आपण पहिल्यांदा जिथे पाय ठेवतो तिथेच त्यांनी लाकडी खांब रोवले, त्यांवर आडव्या काठ्या टाकल्या आणि त्या काठ्यांवर चादरी. चालायचा कंटाळा, म्हणून सगळ्या तिथेच. वर्षभरात दहा पुऱ्या झाल्या, अकरावी अर्धी. चाफ्याची, विजेची, जाळीची, पतंगांची. एकीला ते नुसतंच 'सांगलीवाली' म्हणायचे, कारण पूर्वी त्या नक्षीचा सगळा माल तिकडे जायचा. समोर कागद नाही, काही नाही. "मला आठवत नाही," म्हणायचे, "हाताला आठवतं." आणि बोलायला लागले होते. जेवताना कोणत्या नक्षीचा कोणता रंग कुणी बिघडवला होता, हे सांगत बसायचे आणि अम्मा म्हणायची, घास तरी घ्या.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कारखाना होता तेव्हा माग पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून उभे करत. आडवा धागा नेणारे धोटे आणि त्यांतल्या सुताच्या कांड्या काढून ताटात मांडत. आरती झाली की मुहूर्त म्हणून माग क्षणभर चालवायचा, बंद करायचा आणि मग दसऱ्याची सुट्टी. हे मी लहानपणी दारातून बघितलेलं. आता घरातली हत्यारं म्हणजे अम्माची शिलाई मशीन, नानांची कात्री आणि माझा सर्व्हर.

मला त्या सकाळी स्वच्छतेचा झटका आला. सर्व्हर बंद केला, उघडून धूळ काढली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण काही मॉडच्या नव्या आवृत्त्या आल्या होत्या, त्या नंतर निवांत लावू म्हणून मी सगळे मॉड फोल्डरमधून काढून बाजूला ठेवले. धोटे-कांड्या काढून मांडाव्यात तसे. मनात म्हटलंसुद्धा, वा, काय पद्धतशीर मुलगी आहे.

अम्माने कुंकू लावलं, झेंडू वाहिला. पंख्याच्या जाळीत अक्षता गेल्या, त्यावरून आमचं थोडं वाजलं. आरती झाली. नाना पाटावर हात जोडून बसले होते.

"आता मुहूर्त कर की," अम्मा म्हणाली.

"अजून आतलं सगळं परत घातलेलं नाही गं."

"क्षणभर लाव. पूजा झाल्यावर मशीन गप ठेवत नाहीत."

सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून मी लावलं. सर्व्हरने विचारलंदेखील, इथल्या काही वस्तू ओळखीच्या नाहीत, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. न वाचता हो म्हणायचं नाही, असं मी लॅबमध्ये पोरांना रोज ओरडून सांगते.

पंखा घुमायला लागला. नानांनी डोळे मिटून नमस्कार केला. अम्माने कापूर फिरवला. माझ्या फोनवर अक्काचा मेसेज आला: "आलेय, पण आत घेत नाहीये. सण काय एकटे एकटेच करताय?" थांब की बाई, असं मनात म्हणून मी फोन उलटा ठेवला. प्रसाद वाटून झाला आणि मी सर्व्हर बंद केला.

जेवणं झाल्यावर सगळे मॉड जिथल्या तिथे परत घातले. नाना हात पुसत खुर्चीत येऊन बसले. मी फरशीवर अंग टाकलं आणि टिकटिकीची वाट बघत डोळे मिटले. टिक आली नाही. बराच वेळ आली नाही. मग नाना अगदी हळू म्हणाले, "वाळत घातलेल्या कुणी नेल्या?"

मी उठून बघितलं. खांब होते. काठ्या होत्या. काठ्यांवर काही नव्हतं. खेळात नुकती पहाट होत होती आणि इतके दिवस चादरींनी झाकलेलं पलीकडचं तळं पहिल्यांदाच पूर्ण दिसत होतं. पाण्यावर गुलाबी उजेड होता. ते मला सुंदर दिसलं, ह्याची अजून लाज वाटते.

मुहूर्ताच्या त्या दहा मिनिटांत सर्व्हरने तिथली जमीन उघडली. कापसाच्या वस्तूंची ओळख सांगणारा मॉड जागेवर नव्हता, तेव्हा अनोळखी म्हणून त्या काढून टाकल्या आणि बंद होताना तसंच नीट लिहून ठेवलं. लाकूड मूळ खेळातलं, म्हणून खांब राहिले. आणि जुनी प्रत? लॅबच्या भिंतीवर मीच कागद चिकटवलाय: आधी प्रत, मग बदल. घरी प्रत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी अम्मावर ओरडले. तुझा मुहूर्त, तुझे अपशकुन, काय काय बोलले. ती काही न बोलता ताट उचलून आत गेली. अम्मा न बोलता गेली की मला लगेच कळतं, माझं किती चुकलंय. मग नानांना सगळं सांगितलं. त्यांची नक्षी एकदा रद्दीवाल्याने नेली होती, दुसऱ्यांदा मी घालवली. एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

नानांनी ऐकून घेतलं. "चालवलंस तेव्हा ताणा नव्हता?"

ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. मी म्हटलं, "मुहूर्ताला माग रिकामाच चालवतात ना?"

"कुणी सांगितलं? रिकामा माग कोण चालवतं? मुहूर्तालाही ताणा लागतो. चार बोटं विणायचं, ते कापायचं, देवापाशी ठेवायचं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं, तू चढवलायस."

दारातून मला माग दिसायचा. धागे दिसायचे नाहीत.

मला भीती एकाच गोष्टीची होती आणि ती संध्याकाळीच खरी झाली. जेवायला बसल्यावर नाना म्हणाले, "मीठ दे." त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायलाही बाहेर पडले नाहीत. अम्माने चार-पाच गोष्टी काढून बघितल्या, मग तीही गप्प झाली. सर्व्हर मी बंदच ठेवला होता. त्या शांततेत मला दुपारी झोप येईना.

मी वाचत बसले. जगभरात माझ्यासारखे शहाणे किती आहेत ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी रडगाण्याखाली कुणीतरी लिहिलेलं सापडलं की सर्व्हर सगळी जमीन एकदम उघडत नाही. जिथून खेळ सुरू होतो तेवढी उघडतो, आणि जिथे खेळणारा उभा असेल तेवढी. बाकीची पेटीतल्या घडीसारखी मिटलेली राहते. जी उघडली नाही तिच्यातलं काही गेलेलं नसतं.

मी नानांच्या पुढ्यात जाऊन बसले. "नाना, तुम्ही लांब कुठे काही विणलंय?"

आत अम्माची विळी थांबली.

"अक्काच्या घरी गेलो होतो एकदा," शेवटी ते म्हणाले.

अक्काने तिचं घर खेळातल्या समुद्राच्या काठी बांधलंय. आमच्या खांबांपासून इतकं लांब की मी कधी गेले नव्हते. "चालत गेलात?"

"मग काय रिक्षा मिळते तिथं? सूर्य बघत गेलो. ती कामावर होती. तिच्या गच्चीवर एक टाकून आलोय. तिला काय सांगितलं नाही. बघेल तवा बघेल."

मला एकदम तो मेसेज आठवला. मुहूर्ताच्या वेळी अक्का आली होती. आत शिरली असती तर खेळ सोडला होता तिथेच, म्हणजे स्वतःच्या घरातच उतरली असती, आणि ती घडी उघडली असती. पण तिला आत घेतलं नव्हतं. तिच्याकडे मॉड होते, सर्व्हरकडे नव्हते, म्हणून दार उघडलं नव्हतं. नव्हतंच उघडलं, असं मी मनाशी शंभरदा म्हटलं. तरी खात्री वाटेना.

ह्या वेळी मी आधी प्रत काढली. मग एकेक मॉड यादीशी ताडून बघितला. नाना मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलंही नव्हतं.

"ताणा?" त्यांनी विचारलं.

"चढवलाय."

"परत एकदा बघ की."

मी परत एकदा बघितलं.

दुपारी आम्ही निघालो. मी माझ्या लॅपटॉपवर, ते त्यांच्या कॉम्प्युटरवर, शेजारी शेजारी बसून. रिकाम्या काठ्यांखालून बाहेर पडताना नानांनी वर बघितलं नाही. पुढे माळ लागला, मग उंच गवत, मग अशी झाडी की खाली सावलीच सावली. नाना खेळातही चालतात तसेच, सावकाश, दर थोड्या वेळाने थांबून. एका ओढ्यापाशी ते उगाच पाण्याकडे बघत उभे राहिले आणि मीही राहिले. घाई करावीशी वाटेना. पोचलो की कळणार होतं, आणि कळेपर्यंत ती चादर होतीच. बाहेर ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या कापडातून पिवळं झिरपत होतं, आत पडद्यावर सूर्य कलत होता, आणि मला मधूनमधून कळत नव्हतं की ह्यातली आमची दुपार कुठली. अम्मा कधी स्टूल ओढून मागे बसली होती कोण जाणे. ती पहिल्यांदाच बघत होती. "इथं माणसं नाहीत का कुणी?" तिने विचारलं. नाना म्हणाले, "आपणच."

मग वाळू लागली आणि समुद्र. अक्काचं पांढरं घर. बाहेरून गच्चीवर जाणारा जिना. जिन्याच्या पहिल्या पायरीशी नाना थांबले.

"तू जा आधी," ते मला म्हणाले.

"तुम्ही जा."

"कुणीतरी जा की," अम्मा म्हणाली.

नाना गेले. त्यांच्या पडद्यावर एकेक पायरी खाली सरकत गेली, मग आभाळ आलं, आणि मग गच्ची.

चादर होती. चॉकलेटी जमीन, तिच्यात बारीक जाईची फुलं, कडेला दुहेरी पट्टी. पुरी गच्ची व्यापून पसरलेली. अम्माने माझा खांदा इतका दाबला की दुखला. "लग्नातली," ती म्हणाली. "अगं, ही अक्काच्या लग्नातली."

ही नक्षी नानांनी एकदाच केली होती. बाजारासाठी नाही, अक्काची पाठवणी होती म्हणून, कारखान्यातली पाळी संपल्यावर थांबून थांबून, एका चादरीपुरती. खरी चादर तिच्याबरोबर शारजाला गेली आणि धुऊन धुऊन विरली.

पण नाना चादरीकडे बघत नव्हते. चादरीच्या चारही बाजूंनी लाकडाचं बुटकं कुंपण होतं, आणि चारी कोपऱ्यांत दिवे लावलेले होते. नानांनी ते केलेलं नव्हतं.

"तिनं बघितलीय," ते म्हणाले. "कुणी पाय देऊ नये म्हणून..." चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. मीही रडले, त्यात काय लपवायचं. अक्काने ती कधी बघितली, किती महिने आम्हाला सांगितलं नाही, मी अजून विचारलेलं नाही. बापाची लेक.

त्या रात्रीच्या जेवणात नानांनी मीठ मागितलं आणि त्यावरून सुताला खळ देताना कुणी काय घोळ घातला होता ते सांगायला लागले. अम्मा म्हणाली, घास घ्या. मी तिची माफी मागितली, ती म्हणाली, "भाजी वाढ."

पुढची खंडेनवमी आली तेव्हा मुहूर्त नानांनी स्वतः केला. ताणा चढवलाय का, हे मला तीनदा विचारून मग खांबांखाली चार ओळी विणल्या आणि म्हणाले, "काप." मी पूर्ण मुलखाची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवली. देवघरातल्या पत्र्याच्या डबीत कारखान्याच्या दिवसांतल्या चार-चार बोटांच्या चिंध्या आहेत, त्यांवर अम्माने तो हळदकुंकू लावून ठेवला. आता दर महिन्याला ती मला आठवण करते: डबीतलं बदललंस का?

गेलेल्या अकरांतल्या चार परत झाल्या. चाफ्याची आली, जाळीची आली. बाकीच्या हाताला आठवत नाहीत. विजेच्या नक्षीत तिसरी पट्टी कुठल्या रंगाची होती, असं नानांनी मला विचारलं. मी वर्षभर रोज त्या चादरीसमोर झोपले होते. मला सांगता आलं नाही.

परवा दुपारी मी म्हटलं, "नाना, त्या सात रिकाम्या काठ्या काढून टाकू का? बघवत नाही."

"राहू दे," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "एखादी आठवली तर टांगू कुठं?"

मी राहू दिल्या आणि फरशीवर जाऊन पडले.